माघात पाखरं उपाशी नसतात

फेब्रुवारी लागला की आवाहनं सुरू होतात. थंडी सरत आली, रानात दाणा उरला नाही, पाखरं उपाशी आहेत. प्रत्येक घरानं गॅलरीत, अंगणात दाण्याचा एक डबा टांगावा. शाळेच्या फळ्यावर हे लिहिलं जातं, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत छापलं जातं आणि २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनापर्यंत त्याला ऊत येतो. नारळाच्या करवंट्या, कापलेले तेलाचे डबे, लाल-हिरव्या प्लास्टिकचे फीडर वाटले जातात. फोटोत वाटणारे मधोमध असतात, डबा कोपऱ्यात.

या आवाहनामागच्या दयेबद्दल मला काही म्हणायचं नाही; माहितीबद्दल म्हणायचं आहे. जालना जिल्ह्यापुरतं बोलायचं तर त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे. ऋतू चुकीचा, जेवायला येणारे चुकीचे, चिमणीच्या दुखण्याचं निदान चुकीचं आणि त्यावरचं औषध तर त्याहून चुकीचं. एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण एकदा डबा टांगला की पाखरांसाठी करायचं ते करून झालं, असं टांगणाऱ्याला वाटायला लागतं, आणि माझी खरी हरकत तिथं आहे.

माघ-फाल्गुनात जालन्याच्या रानात काय असतं? शाळू हुरड्यातून निबर झालेला असतो, काही ठिकाणी काढणीला आलेला. हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात आणि घाट्यांत अळी असते. गहू ओंबीवर असतो. तूर मळून झालेली असते आणि मळणीयंत्र जिथं उभं होतं तिथं भुश्यात दाणे विखुरलेले असतात. बांधावरच्या बोरी अजून पुरत्या रित्या झालेल्या नसतात. भोकरदन-जाफराबादकडच्या उतारांवर पळस फुललेला असतो, पांगारा आणि काटेसावर पानं टाकून फुलांवर येतात, परसातला शेवगा पांढरा होतो. पळसाच्या फुलात रस असतो. त्यासाठी मैना, बुलबुल, पोपट, शिंजीर दिवसभर त्या झाडावर भांडत असतात. वर्षात पाखरांना इतक्या तऱ्हेचं आणि इतकं फुकटचं दुसऱ्या कुठल्या महिन्यात मिळत नाही. उपासमारीचा महिना निवडायला बसलेल्यांनी नेमका मेजवानीचा निवडला.

खरं वाटत नसेल तर उजाडताना अंबड-घनसावंगीकडच्या एखाद्या ज्वारीच्या रानात जाऊन उभं राहावं. आधी काहीच दिसत नाही. मग बाभळीवरून कलकलाट ऐकू येतो आणि भोरड्यांचा थवा उठतो. काळं डोकं, काळे पंख, मधलं अंग मळकट गुलाबी. थवा हवेत एकदा वळतो, दुसऱ्यांदा वळतो आणि सगळाच्या सगळा कणसांवर उतरतो. भोरडी बसली की कणीस वाकतं; ती तशीच कलती होऊन दाणे टिपते, खाते त्याहून कमी पाडत नाही. माळ्यावर उभा असलेला माणूस गोफण फिरवतो, पत्रा बडवतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. थवा उठतो आणि चार तासं पलीकडे बसतो. ऊन चढेपर्यंत हे चालतं आणि दुपार कलल्यावर पुन्हा सुरू होतं. याला पाखरं राखणं म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या म्हाताऱ्याच्या नाहीतर पोराच्या वाट्याला येतं. म्हणजे ज्या पोराला बाप सकाळी पाखरं हाकायला रानात धाडतो, त्याच पोराला शाळेत गेल्यावर पाखरांना दाणे घालायची शपथ देतात. त्या पोरानं समजायचं काय?

ज्वारी का सोडली असं शेतकऱ्याला विचारा. मजूर मिळत नाहीत, भाव नाही, काढणीचं जिवावर येतं, हे सांगून झाल्यावर तो पाखरांचं नाव घेतोच. गावभर ज्वारी होती तेव्हा पाखरंही गावभर वाटली जायची. प्रत्येकाचं थोडं जायचं आणि ते कोणी मोजत नव्हतं. आता शिवारात हरभरा, ऊस, मोसंबी, कापसाची फरदड, आणि मध्येच कुणा एकाची एकरभर ज्वारी. पंचक्रोशीतली पाखरं त्याच्यावर तुटून पडतात. पुढच्या साली तोही पेरत नाही. २०२३ हे वर्ष जगानं भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, आपल्याकडे ज्वारीला ‘श्रीअन्न’ म्हणून मिरवलं. त्या एकट्या माणसाची कणसं रिकामी झाली त्याची भरपाई मात्र कुठल्याच समारंभात निघाली नाही. पाखरांना खरोखर खाऊ घालायचं असेल तर सगळ्यात सरळ वाट ही आहे, की भाकरी खाणाऱ्यांनी ज्वारीला परवडेल असा भाव द्यावा. करवंटीपेक्षा हे महाग पडतं, म्हणून ते कुठल्या फ्लेक्सवर छापून येत नाही.

मग फेब्रुवारीचं हे खूळ आलं कुठून? जिथून आलं तिथं ते खूळ नाही. ब्रिटनमध्ये, अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्याच्या शेवटी जमीन गोठलेली नाहीतर बर्फाखाली असते. शरदात पिकलेल्या बिया आणि फळं संपलेली असतात, नवे किडे अजून निघालेले नसतात. एवढ्याशा पाखराला तिथली लांब रात्र काढायची तर अंगात चरबी लागते. तिथं सूर्यफुलाच्या बिया टांगणं समजू शकतं. जालन्यातली कडक थंडी म्हणजे आठ-दहा अंशांची रात्र. दहा वाजता स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. तिकडची रीत इकडे आणताना कुणी पंचांग उघडून पाहिलं नाही.

आपल्या पाखरांचा कठीण काळ चैत्रानंतर सुरू होतो आणि वैशाख-ज्येष्ठात टोकाला जातो. तेव्हाही आधी कमी पडतं ते पाणी. अपवाद दुष्काळी सालांचा. २०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. त्या वर्षी माघातही रानात पाणी शोधावं लागत होतं. अशा सालात सावलीला उथळ परळ ठेवून रोज ती घासून भरणाऱ्याला मी नमस्कार करतो. पण तो पाण्याचा प्रश्न झाला, आणि दुष्काळी सालाचा. दरवर्षीच्या दाण्याच्या डब्याला तो आधार देत नाही.

आता डब्यावर येतं कोण, ते पाहू. ज्यांनी टांगला आहे त्यांनी खरं सांगावं. पारवे येतात. मग साळुंक्या, मग कावळे, आणि जमलंच तर पारव्यांच्या पायांमधून दोन-चार चिमण्या. परसात याच दिवसांत वावरणाऱ्या बाकीच्या पाखरांना ज्वारीच्या दाण्याशी देणंघेणं नसतं. कोतवाल तारेवर बसून उडता किडा झेलतो. वेडा राघू मधमाश्यांवर आणि चतुरांवर असतो. दयाळ ओल्या वाफ्यात किडे-अळ्या उकरतो, शिंपी पानाच्या पाठीवरचं काहीबाही टिपतो, शिंजीर फुलात चोच घालतो, तांबट पिंपळाची नाहीतर उंबराची फळं गाठतो, सातभाई पाचोळा उलथापालथा करत भांडत फिरतात. यांच्यातला एकही जण आपल्या डब्याकडे ढुंकून पाहणार नाही. तेव्हा आपण पक्ष्यांना खाऊ घालतो हे म्हणणं जरा आवरतं घ्यावं. आपण दाणे खाणाऱ्या तीन-चार धीट जातींना खाऊ घालतो, आणि त्यांतली सगळ्यात धीट जात आधीच उदंड झाली आहे.

पारव्यांचं पुढे काय होतं ते मुंबईनं पाहिलं. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथले कबुतरखाने बंद करण्यावरून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला, रस्त्यावर आंदोलन झालं. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाऊन होणारं फुप्फुसाचं दुखणं डॉक्टर कित्येक वर्षं सांगत होते. त्या वादात कुणाच्या श्रद्धेची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण कबुतरखाना एका दिवसात उभा राहत नाही. तो रोजच्या मूठभर दाण्यांनीच उभा राहतो. जालन्यातल्या नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांना आत्ताच जाळ्या लागायला लागल्या आहेत. वरच्या मजल्यावरचा दाणे टाकतो आणि खालच्या मजल्यावरचा जाळीचे पैसे भरतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पारव्यांचं सोडा, आमचा डबा चिमणीसाठी आहे, चिमणी तर दाणेच खाते ना?

मोठी चिमणी खाते. पिल्लू खात नाही. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये चिमण्यांची घरटी जोमात असतात. त्या दिवसांत घरट्याकडे निघालेल्या चिमणीची चोच जवळून बघा. तिच्यात दाणा क्वचित दिसेल. हिरवी अळी असते, आडवी धरलेली, दोन्ही बाजूंनी लोंबणारी. नाहीतर पाय हलवणारा नाकतोडा, कधी चोचीत मावणार नाही असा पतंग. अंड्यातून निघाल्यावर पहिले काही दिवस पिल्लाला वाढायला किडे-अळ्याच लागतात. दाण्यानं पोट भरतं, अंग धरत नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या उपनगरांत केट व्हिन्सेंट यांनी चिमण्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला, तो २००५ साली पूर्ण झाला. तिथं घरोघर दाण्यांचे फीडर टांगलेले होते. तरी पिल्लं मरत होती, कारण त्यांना पुरेसे किडे मिळत नव्हते. म्हणजे दाण्यांचा डबा चिमणीच्या आईबापांना जेवायला घालतो आणि पिल्लाच्या तोंडचा घास जिथून येतो ती जागा तशीच ओसाड राहते.

आणि ती जागा ओसाड कोण करतं, हे जालन्यात शोधायला लांब जावं लागत नाही. मोसंबी हे आमच्या जिल्ह्याचं भूषण. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. आंबे बहाराची फूट आणि फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात. कोवळ्या फुटीवर सायला, मावा, नागअळी येते, आणि मग बागेत फवारणी सुरू होते. तिकडे चिमणी, बुलबुल, शिंपी अळ्या शोधायला लागतात त्याच पंधरवड्यात इकडे पंप भरले जातात. फवारू नका असं मी बागायतदाराला म्हणणार नाही. वर्षाची कमाई त्या फुटीवर असते. पण दर आठवड्याला ‘असू द्यावी एक’ म्हणून मारलेली फवारणी आणि कीड मोजून, गरज पाहून मारलेली फवारणी यांत पाखराच्या पिल्लाच्या जगण्यामरण्याचा फरक पडतो. त्याच बागेच्या फाटकाला दाण्यांची करवंटी टांगलेली असली तर ती उतरवून ठेवावी, निदान विसंगती तरी दिसणार नाही.

विषाची ही गोष्ट पाखरांच्या बाबतीत किती लांब जाऊ शकते त्याचं एक उदाहरण अर्जेंटिनातलं आहे. उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यात तिथं उतरणारे स्वेनसन ससाणे १९९५-९६ मध्ये हजारोंनी शेतांत मरून पडले. ते पिकावरचे नाकतोडे खात होते आणि नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलेलं होतं. हे नाव आपल्याकडच्या कापूसवाल्यांना नवं नाही.

शेतकऱ्याला पाखराचा उपयोग कळत नाही अशातला भाग नाही. हरभऱ्यात घाटेअळी आली की कृषी विभाग पक्षीथांबे लावायला सांगतो: इंग्रजी टी आकाराची काठी, पिकाच्या वर डोकावणारी. कोतवाल, साळुंकी, चिमणी तिच्यावर बसतात आणि अळी उचलतात. जुनेजाणते तर हरभऱ्याच्या पेऱ्यातच मूठभर ज्वारी मिसळतात. तिची ताटं वर येतात आणि आयते थांबे होतात. यात पाखराला कुणी काही वाढलेलं नाही. बसायला जागा दिली, पुढचं त्याचं ते पाहतं. जिल्ह्यात पाखरांसाठी म्हणून झालेल्या कामांत मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, आणि ते कुठल्या दिनाच्या निमित्तानं झालेलं नाही.

आता ‘चिमणी नामशेष होतेय’ या हाकाटीकडे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ नावाचा देशभरच्या पक्ष्यांचा अहवाल २०२० मध्ये आला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. दुसऱ्या अहवालामागे ३० हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी होत्या. मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत चिमणी घटली, पण देशाचा विचार करता ती टिकून आहे, असं २०२० च्या अहवालानं सांगितलं. मोबाइलच्या मनोऱ्यांनी चिमण्या मारल्या, हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. जालना हे महानगर नाही. इथं जुना मोंढा, बसस्थानक, किराणा दुकानाच्या छपराखालची पोकळी अशा जागी चिमण्या आहेत, आणि चांगल्या भांडखोर आहेत. त्या काही ठिकाणांहून गेल्या हे खरं. का गेल्या ते पुढे सांगतो.

खरोखर कमी होणारे पक्षी कोण? २०२३ च्या अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटलेल्या निघाल्या. वाढलेल्यांत मोर, कोकीळ आणि आपला पारवा. घटलेल्यांत उघड्या माळाचे, गवताचे, बांधाचे पक्षी ठळक आहेत. विजेच्या तारेवर बसणारा आणि उडाला की निळाईचा झोत मारणारा नीलपंख त्यांत आहे. त्याच्या घसरणीमुळे जागतिक यादीतलं त्याचं स्थान पुन्हा तपासावं, अशी शिफारस त्या अहवालानं केली. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानणारे लोक आपण. नीलपंखाला दाण्याचा डबा चालत नाही. त्याला टोळ, सरडे लागतात, आणि ते जिथं राहतात ते गवताचे बांध आपण उन्हाळ्याच्या तोंडी काडी लावून पेटवतो, नाहीतर जेसीबीनं सपाट करून दोन तासं वाढवून घेतो. मंठा-परतूरच्या रस्त्याला लागावं आणि नुसते बांध बघत जावं. रुंद, बोरी-बाभळीचा बांध किती वेळानं दिसतो ते पाहावं.

काही जण म्हणतील, उपयोग नसेल, पण अपाय तरी काय? अपाय आहे.

ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच नावाचा पोपटी रंगाचा छोटा पक्षी फीडरवर हक्कानं यायचा. २००५ पासून त्याच्यात ट्रायकोमोनास या परजीवीची साथ पसरली. कबुतरांमधला हा रोग ओल्या, उष्ट्या दाण्यांतून आणि पाण्यातून या पाखरांना लागला. एका भांड्यात शेकडो चोची बुडत होत्या. संख्या इतकी कोसळली की २०२१ मध्ये ग्रीनफिंचला धोक्याच्या लाल यादीत टाकावं लागलं. प्रेमानं खाऊ घालणाऱ्या, पक्ष्यांचं भरपूर वाचन असणाऱ्या देशातली ही गोष्ट आहे. आपल्याकडे २०२१ च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला कोंबड्या बर्ड फ्लूनं मेल्या, २०२५ च्या जानेवारीत उदगीर शहरात कावळे मेले. दोन्ही वेळा हिवाळाच होता. वाटलेले प्लास्टिकचे डबे कोण किती दिवसांनी धुतं, हा प्रश्न वाटपाच्या कार्यक्रमात मी कधी ऐकलेला नाही.

दुसरा अपाय खास आमचा. जालना ही बियाण्यांची राजधानी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं महिको सुरू केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्यामागोमाग बियाण्यांच्या कितीतरी कंपन्या इथं उभ्या राहिल्या. त्यामुळे घराघरांत पेरणीतून उरलेली बियाण्यांची अर्धी पिशवी असतेच. ते बियाणं गुलाबी, लाल, हिरवं असतं, कारण त्याला कीटकनाशक आणि बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि माणसानं चुकून खाऊ नये म्हणून रंग दिलेला असतो. ‘टाकून देण्यापेक्षा पाखरांच्या मुखी लागेल’ म्हणून ते डब्यात ओतणारे भले लोक आहेत. लहान पाखराला त्यातले थोडेच दाणे पुरतात. फरसाण, शेव, बिस्किटांचा चुरा, मिठाचा उरलेला भात हे त्यामानानं साधे गुन्हे.

आणि एक सांगायचंच राहत होतं. गॅलरीत फीडर आणि हॉलमध्ये पिंजऱ्यातला पोपट, अशी घरंही मी पाहिली आहेत. रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्या घरी आधी कुठला डबा उघडायचा ते सांगायला नको.

दोन प्रतिवादांना मात्र मी मान देतो. पहिला धर्माचा, किंवा म्हणा संस्कारांचा. आजी सकाळी सडा घालून झाल्यावर मूठभर ज्वारी अंगणात टाकते, पितृपक्षात कावळ्याला पान ठेवते, पेरताना पाखरांचा वाटा धरते. त्या आजीशी माझं भांडण नाही. तिची मूठ एकदाच उघडते, दाणे तासाभरात संपतात, अंगण दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडलं जातं, आणि आपण चिमणी वाचवतो आहोत असा तिचा दावा नसतो. चोवीस तास भरलेल्या डब्यात आणि तिच्या मुठीत हा फरक आहे.

दुसरा प्रतिवाद मुलांचा. डब्यानं पाखरं वाचत नसतील, पण मुलांना त्यांची गोडी लागते, असं शिक्षक सांगतात, आणि ते मनापासून सांगतात. गोडी लागते हे कबूल. पण ती पाहण्यानं लागते. डबा असला की मूल डब्याकडे पाहतं आणि रोज तेच पारवे पाहतं. त्यापेक्षा फेब्रुवारीच्या मध्यात जगभर होणारी अंगणातल्या पक्ष्यांची गणना हाताशी आहे. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झाली, २०१३ पासून भारतातले लोक तीत भाग घेतात. चार दिवस चालते. कुठंही निदान पंधरा मिनिटं उभं राहायचं, दिसतील तेवढे पक्षी मोजायचे आणि यादी पाठवायची. दाणा लागत नाही, डबा लागत नाही, पाहुणा लागत नाही. बहुधा म्हणूनच ती आपल्याकडे रुजत नाही. पुण्या-मुंबईच्या याद्यांपुढे मराठवाड्यातल्या जिल्ह्यांच्या याद्या अगदी तुटपुंज्या असतात. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी त्या राज्याचं पक्षी-सर्वेक्षण केलं होतं. हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांबद्दल आज जे मागचं सांगता येतं त्यात त्या सर्वेक्षणातल्या नोंदींचा मोठा वाटा आहे. शाळेतल्या मुलानं वहीत ‘पिंपळावर तांबट, दोन’ असं तारखेसकट लिहिलं तर पन्नास वर्षांनी कुणीतरी ते उपयोगात आणील. करवंटीचं तसं काही होत नाही.

आता चिमण्या काही घरांमधून गेल्या त्याचं. जुन्या जालन्यातली आणि खेड्यांमधली घरं माळवदाची होती. लाकडी सर, त्यावर किलचणं, वर पाला आणि पांढरी माती. किलचणांच्या फटीत, भिंतीतल्या देवळीत, तसबिरीच्या मागे चिमणी काड्या कोंबायची आणि घरातली बाई त्या झाडून काढताना करवादायची. अंगणात धान्य निवडलं, पाखडलं, कांडलं जायचं. सुपातून उडालेल्या कोंड्यात दाणे असायचे आणि किडेही. उकिरडा होता, गोठा होता, म्हणून माश्या-अळ्या होत्या. न्हायला माती होती. त्या काळात चिमणीला कुणी जाणूनबुजून जेवू घातलेलं नाही. ती घरातल्या कुळासारखी राहत होती. आता स्लॅब आहे, फरशी आहे, पिठाची पिशवी बंद येते, परसातली माती सिमेंटखाली गेली. या घरातून चिमणी गेली ती उपाशी म्हणून नव्हे. तिला अंडी घालायला सव्वा इंचाचं भोक उरलं नाही आणि पिल्लाला द्यायला अळी उरली नाही.

पाखराला नेमकं काय द्यावं याचा एक धडा त्याच भोरडीच्या बाबतीत घालून दिलेला आहे, जिच्यावर आमच्याकडे गोफण चालते. भोरड्या मध्य आशियात, कझाकस्तानपासून चीनच्या पश्चिमेपर्यंत पिल्लं काढतात. चीनच्या शिनच्यांग प्रांतात गवताळ रानांवर टोळधाड पडते, आणि भोरडी टोळांवर जगते. तिथल्या लोकांनी तिच्यासाठी दगडांच्या राशी रचल्या. फटीफटींतून तिनं घरटी करावीत म्हणून. थवे आले, टोळ खाल्ले गेले, औषधाचा खर्च वाचला. दाणे त्यांनीही टाकले नाहीत. उन्हाळ्यात तिकडे दगडांच्या घरात टोळांवर पोसलेली भोरडी हिवाळ्यात इकडे ज्वारीवर उतरते. आमच्या शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, तिचा उपकारही खरा आहे; फक्त तो आपल्याला मिळत नाही.

तेव्हा जालन्यात हौस आहे, पैसा आहे, वर्गणी काढायची सवय आहे, तर ती लावायची कुठं? याच शहरातल्या लोकांनी निजामी काळातल्या घाणेवाडीच्या तलावातला गाळ लोकवर्गणीतून उपसला आहे. ते पाण्यासाठी केलं, पण हिवाळ्यात तिथं उतरणाऱ्या बदकांना त्यानं जे दिलं ते कुठल्याही फीडरनं दिलं नसतं. म्हणजे मोठं काम इथं होऊ शकतं. चिमणीसाठी खोकीच द्यायची असतील तर लाकडाची द्यावीत, सव्वा इंची भोकाची, म्हणजे साळुंकी आणि पारवा आत शिरणार नाही; आणि ती दुपारच्या उन्हाकडे पाठ करून उंचावर बसवावीत. शाळेच्या कुंपणाला डबे टांगण्याऐवजी कुंपणच बोरी-मेंदीचं करावं. मैदानाचा एक कोपरा मातीचा ठेवावा, त्यात गवत वाढलं तर वाढू द्यावं. मुख्याध्यापकांना तपासणीत बोलणी बसतील, ती खावीत.

डबे वाटायचेच असतील, तर वाटणाऱ्यांना एक हिशेब मागायला हरकत नाही. २० मार्चला किती वाटले हा आकडा छापून येतो. पुढच्या फेब्रुवारीतल्या त्या चार दिवसांत त्यांनीच आपापल्या डब्यासमोर पंधरा मिनिटं उभं राहावं, कोण कोण येऊन बसलं ते मोजावं आणि तो आकडाही त्याच पानावर छापावा. पारव्यांसाठी रकाना जरा मोठा आखलेला बरा.